पत्र्याच्या कोंबडीचा डोळा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होते. बाजारातला तराजू खरा की खोटा हे बघायचं आणि खरा असला तर त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं जन्माचं काम. लग्न ठरण्याआधी ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी शाळेत होते. चहा होईपर्यंत त्यांनी फळीवरचा आईचा काटा उचलला, खिशातलं वजन त्यावर ठेवून बघितलं आणि आईला सांगितलं, की हा थोडा कमी दाखवतो. होणाऱ्या जावयाने पहिल्याच भेटीत असं बोलावं? आईला कौतुक वाटलं, ताईला हसू आलं. मला राग आला, आणि मी त्याच दिवशी त्यांचं नाव 'शिक्का' ठेवलं. पुढे ते सगळ्या नात्यात चाललं. भावोजींनाही ते ठाऊक होतं. या पोरीच्या जिभेला हाड नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं असणार.

शिक्का वाईट माणूस नव्हता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तपासणीला गेले की दुकानदाराकडचं पाणीसुद्धा पीत नसत. घरात आवाज कधी चढला नाही, हात उगारण्याची तर गोष्टच सोडा. बायका ताईला म्हणत, नशीब काढलंस. चूक दिसली की मात्र हा माणूस ओरडत नसे, गप्प होत असे. ओरडणारा निदान थकतो तरी. गप्प राहणाऱ्याला थकवा येत नाही, आणि समोरच्याला आपली शिक्षा कधी संपणार तेही कळत नाही.

त्यांना एकच नाद होता, चिनी पत्र्याच्या खेळण्यांचा. तो कसा लागला ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी झोपेतही म्हणून दाखवीन. एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात ते तराजू तपासत होते. खोकी भिजली म्हणून खेळण्यांचा माल तिथे वजनावर विकायला काढला होता. ताटलीत काहीतरी टाकायचं म्हणून व्यापाऱ्याने हाताला आलेली कोंबडी टाकली. पिवळी धमक, तुरा लाल, पोटाला चावी. भावोजींनी चावी दिली, कोंबडीने टिपटिप दाणे टिपले. पुन्हा तेवढीच चावी दिली, तिने पुन्हा तेवढेच टिपले. "माणूस दिला शब्द पाळत नाही," ते म्हणत, "ही पाळते." तपासणी संपवून, शिक्का मारून, मग त्यांनी रीतसर पावती घेऊन ती कोंबडी विकत घेतली.

मूल नव्हतं म्हणून खेळणी जमवली, असं लोक बोलत. लोकांचं काय, एकाला एक जोडलं की त्यांचं काम झालं. खेळणी आधी आली, लग्न नंतर. ताई त्या घरात गेली तेव्हा पुढच्या खोलीतलं काचेच्या दारांचं कपाट अर्धं भरलेलं होतं. उड्या मारणारा बेडूक, पिल्लांना मागे घेऊन चालणारं बदक, टेबल टेनिस खेळणारी दोन मुलं, चंद्रावर चालायची गाडी, ट्रॅक्टर, नाकावर चेंडू फिरवणारा सील मासा. प्रत्येकाच्या पोटाखाली किंवा खोक्यावर छापलेली दोन इंग्रजी अक्षरं आणि आकडा. एमएस म्हणजे चावीचं, एमएफ म्हणजे घासून पळणारं, एमई म्हणजे सेलवर चालणारं, असं भावोजी समजावून सांगत. प्रत्येकाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. त्यावर अक्षरं, आकडा, रंग, चावी, खोकं आहे की नाही, आणि सगळ्यात खाली दोन रकाने: दोष, आणि दोषाचं कारण. तराजूच्या तपासणीतले रकाने त्यांनी तसेच्या तसे घरी आणले होते.

ही खेळणी त्यांना पुरवायचा तो गोणीवाला. जुन्या वस्तूंचा व्यापारी. पुढे त्याचं दुकान झालं, टेम्पो आला, तरी भावोजींकडे यायचा तो खांद्यावर गोणी टाकूनच. दोघांची मैत्री अशी की समोरासमोर तासभर बसत आणि दोघं मिळून चार वाक्यं बोलत. मधे टेबलावर एखादं ट्रॅक्टर. ताई म्हणायची, यांच्यापेक्षा ट्रॅक्टर जास्त बोलतं.

पत्र्याचा शत्रू ओलावा, हे कुणालाही कळेल. पण चावीच्या खेळण्याचा त्याहून मोठा शत्रू म्हणजे नुसतं ठेवून देणं. आतलं तेल गोठतं, स्प्रिंग जाम होते. म्हणून वर्षातून एकदा, हवा कोरडी झाली की, प्रत्येक खेळणं बाहेर काढायचं, मऊ कापडाने पुसायचं, थोडी चावी द्यायची आणि टेबलावर चालू द्यायचं. नियम भावोजींचा. भावोजी मात्र नेमके तेव्हाच दौऱ्यावर. गावोगावच्या मंड्या, गिरण्या, वखारी. मग हे काम आलं ताईकडे. आता टेबलावर सोडलेलं चावीचं खेळणं चालत चालत कडेला जाणार आणि पडणार, हे सांगायला निरीक्षक लागत नाही.

ताईचं स्वतःचं काम फार बारीक होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात ती खोटे डोळे रंगवायची. अपघातात म्हणा, आजारात म्हणा, ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी. माणसाला समोर खुर्चीवर बसवायचं, त्याच्या चांगल्या डोळ्यात बघायचं आणि तसाच दुसरा करायचा. पांढऱ्यात लाल शिरा हव्यात म्हणून ती रेशमाचे धागे उसवून केसाहून बारीक करून लावायची. एकदा मी तिच्या टेबलाशी बसले होते. ती म्हणाली, सगळं बुबुळाच्या कडेत असतं. कड स्पष्ट काढली की डोळा मेलाच. कड विरत गेली पाहिजे, आणि आतल्या रेघा बाहुलीपासून बाहेर धावल्या पाहिजेत. माणसं तिच्याकडे मान खाली घालून यायची आणि जाताना काउंटरवरच्या आरशासमोर उगाचच थांबायची.

त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी त्यांच्याकडे राहत होते. मी कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात काम शिकत होते. आता माझं स्वतःचं आहे. एका वर्षी ताईने खेळणी काढली आणि ढोल वाजवणारं एक बाहुलं टेबलावरून पडलं. ढोलाची कड चेपली, गालावरचा रंग उडाला. भावोजी दौऱ्यावरून आले तेव्हा ताईने स्वतःच सांगितलं. लपवायचं तिच्या स्वभावात नव्हतं. भावोजींनी बाहुलं उलटंसुलटं करून बघितलं, कार्ड काढलं आणि लिहिलं. दोष: ढोल चेपला, रंग उडाला. कारण: हयगय. मग कार्ड जागेवर ठेवलं आणि गप्प झाले. पंधरवडाभर तरी त्या घरात भांड्यांखेरीज कुणाचा आवाज नव्हता. मी दोघांच्या मधे बसून जेवायचे. ताई एवढंच म्हणाली, "लिहायचंच होतं तर माझ्याशी बोलून लिहायचं."

त्यानंतर त्या घरात एकही खेळणं पडलं नाही. भावोजी हे अभिमानाने सांगत. एकदा कानाला खडा लावला की आमच्याकडे पुन्हा चूक नाही, असं पाहुण्यांना म्हणत. ताई तिथेच बसलेली असायची. ती काही बोलायची नाही. मीही मान डोलवायचे, कारण मलाही ते खरंच वाटत होतं.

ताई गेल्याला आता काही वर्षं झाली. आजार थोड्या दिवसांचा होता, सगळं लवकर आटोपलं. भावोजी तोवर निवृत्त झाले होते. ते रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाही. लोकांनी म्हटलं, घट्ट माणूस. मी म्हटलं, शिक्का आहे, त्याला पाझर कुठून फुटणार. हे मी मोठ्याने म्हटलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

मग दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयाने विचारलं. जुन्या खेळण्यांची दालनं करायची आहेत, तुमचा संग्रह द्याल का? संग्रहालयाच्या बाई स्वतः येऊन बघून गेल्या. एक अख्खी खोली देऊ, म्हणाल्या. भावोजींनी एकच अट घातली: खोलीला ताईचं नाव द्यायचं. आमच्यामागे नाव चालवणारं कुणी नाही, ते म्हणाले, तिचं तरी राहू दे. मला हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याविषयी बरं बोलले. बाईंनी अट मान्य केली. त्यांची अट एवढीच, की प्रत्येक वस्तूची नव्याने तपासणी करून पक्की सूची द्यावी, आणि मागाहून कुणी रंग लावलेली वस्तू दर्शनी कपाटात ठेवता येणार नाही.

सूचीचं काम सुरू झालं. दर रविवारी दुकान बंद असतं, म्हणून मी जायचे. खिडकीशी टेबल, त्यावर पांढरं कापड. मी अक्षरं आणि आकडा वाचायचे, ते जुनं कार्ड काढून नवं लिहायचे. मधेच एखादं खेळणं चालवून बघायचे. कामात बरं वाटत होतं दोघांनाही. ताईविषयी आम्ही बोलत नव्हतो, पण टेबलाचा खण उघडला की तिची एखादी पिन, एखादं बटण निघायचं आणि आम्ही ते बाजूला ठेवायचो.

एका रविवारी मी गेले तेव्हा भावोजींचा चेहरा उतरलेला होता. टेबलावर भिंग, थिनरची बाटली आणि कापसाचे बोळे. त्यांनी मला न बसू देताच भिंग हातात दिलं आणि सीलच्या पाठीवर धरायला लावलं. पत्र्यावरची छपाई भिंगाखाली बघितली तर बारीक बारीक ठिपक्यांची दिसते. इथे ठिपके होते, इथे होते, आणि मग एका नखाएवढ्या जागेत ठिपके नव्हते. सपाट रंग. नुसत्या डोळ्याला फरक शून्य.

"मागाहून लावलेला रंग," ते म्हणाले. "आणि एकावर नाही. बेडूक, ट्रॅक्टर, टेबल टेनिसवाला मुलगा. ज्याला ज्याला म्हणून भिंग लावतो, त्यातल्या कितीतरींना आहे."

इतकी वर्षं दिसलं नाही का, असं मी विचारलं. खेळणं आलं तेव्हा एकदा नुसत्या डोळ्यांनी तपासलं, कार्ड केलं, भिंग लावायची वेळच आली नाही, असं ते म्हणाले. बाजारातला तराजू दरवर्षी तपासायचा आणि घरातल्यावर मात्र एकदा शिक्का मारला की मारला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी तेवढं गिळलं.

त्यांचा संशय गोणीवाल्यावर होता. संशय कसला, त्यांनी निकालच दिला होता. खराब माल रंगवून आपल्या गळ्यात मारला, वर्षानुवर्षं समोर बसून चहा प्याला. आदल्या दिवशी त्यांनी त्याला फोन केला होता आणि पुन्हा पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं होतं. गोणीवाला म्हणाला होता, मी असं केलेलं नाही, एवढंच. भावोजींनी फोन ठेवून दिला होता. आता त्यांना सगळा रंग काढायचा होता. खालचं खरं जे असेल ते असेल, उडालेलं तर उडालेलं, पण खोटं नको. खोटं असलेली एकही वस्तू तिच्या नावाच्या खोलीत जाणार नाही, असं ते म्हणाले. एका बदकावर त्यांनी सुरुवातही केली होती. बोळा तपकिरी झाला होता आणि बदकाच्या डोक्याच्या एका बाजूला कोरा पत्रा चमकत होता.

"बघ, निघतो," ते म्हणाले. "आता ही."

त्यांच्या हातात कोंबडी होती. गोदामातली, पहिली, चावीच्या दुरुस्तीला एकदा गोणीवाल्याकडे जाऊन आलेली. मी म्हटलं, थांबा, आधी मला बघू द्या. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यांच्या हातातला बोळा मला आवडला नाही. मी भिंग धरलं. एका बाजूचा डोळा छापलेला होता, पिवळ्या गोलात काळा ठिपका, बटणासारखा. मी कोंबडी फिरवली. दुसऱ्या बाजूचा डोळा माझ्याकडे बघत होता.

लांबून तोही ठिपकाच होता. भिंगाखाली तपकिरी बुबुळ होतं, त्यात जरासा हिरवा, बाहुलीपासून बाहेर धावणाऱ्या केसाएवढ्या रेघा, आणि कड पिवळ्यात विरत गेलेली. मी असले डोळे कापडाच्या खोबणीत ओळीने मांडलेले बघितले होते. मी कोंबडी कापडावर ठेवली.

"भावोजी, हे गोणीवाल्याचं काम नाही."

"मग कुणाचं?"

"ताईचं."

ते म्हणाले, शक्य नाही. त्यांनी भिंग घेतलं. मी त्यांना बुबुळाच्या कडेचं सांगितलं, रेघांचं सांगितलं. बायकोचं काम त्यांनी इतक्या वर्षांत नीट बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग भिंग ठेवून विचारलं, तिने असं का केलं असेल? आणि हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. त्याचाच मला संताप आला.

"का म्हणजे? तुम्हाला भ्यायची म्हणून," मी म्हटलं. "ढोलवाल्याच्या वेळी खरं सांगून तिने बघितलं होतं. पुन्हा कशाला सांगेल? तुम्ही दौऱ्यावर, खेळणी चालवायचा नियम तुमचा, पडायची ती पडणारच. ती पडली की रंगवायची आणि तुम्ही येण्याआधी वाळवून कपाटात ठेवायची. तुमच्या घरात एकही खेळणं पडलं नाही ते असं."

"तुला तिने सांगितलं होतं?"

"नाही. मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला तेव्हाच येऊन सांगितलं असतं. म्हणून तर नसेल सांगितलं."

त्यांची नजर कापसाच्या बोळ्यावर गेली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, बदकाचाही डोळाच होता का? मी म्हटलं, मला काय विचारता, पुसलात तुम्ही. हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं, आणि गेलं ते गेलं.

त्याच संध्याकाळी ते गोणीवाल्याच्या दुकानात गेले. मी सोबत गेले. चूक माझी होती, असं त्यांनी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. हळू आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण फोनवर ते मोठ्याने बोलले होते म्हणून माफीही मोठ्याने. गोणीवाल्याने त्यांना खुर्ची दिली. का, कसं, काही विचारलं नाही. कोंबडी अजून चालते ना, एवढंच विचारलं.

पुढचे काही रविवार भावोजींनी मला येऊ नको म्हणून सांगितलं. सूची त्यांनी एकट्याने पुरी केली. मी पुन्हा गेले ती संग्रहालयाच्या बाई येणार होत्या त्या दिवशी. नव्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर होता. रंग लावलेल्यांची कार्डं वेगळी. मी वरचं उचललं. दोष: रंग उडाला होता, हाताने भरला आहे. कारण: मालकाचा धाक. दुसरं उचललं, तिथेही तेच. प्रत्येकावर त्याच अक्षरात, त्याच शाईत. बदकाच्या कार्डावर एक ओळ जास्त होती: भरलेला रंग पुसला. पुसणारा मी.

इतकी वर्षं मी याच शब्दांची वाट बघत होते. ते शब्द समोर आले आणि मला काही आनंद झाला नाही.

बाई समजूतदार होत्या. त्यांनी सगळी कार्डं वाचली, कुठेही हसल्या नाहीत. रंग काढता येईल, म्हणाल्या, आमच्याकडे त्याची माणसं आहेत. भावोजी नको म्हणाले. मग ही खेळणी आत कपाटात राहतील, लोकांना दिसणार नाहीत, बाई म्हणाल्या. भावोजी म्हणाले, ही देतच नाही, बाकीची न्या. सूची मात्र सगळ्या संग्रहाची छापणार, पण कारणाचा रकाना त्यात छापता येणार नाही, असं बाई जरा संकोचाने म्हणाल्या. तो तुमचा प्रश्न, भावोजी म्हणाले, मी खोटं कारण लिहून देणार नाही. शेवटी बाईंनी पाटीसाठी ताईचं पूर्ण नाव विचारलं.

"पाटी नको," भावोजी म्हणाले. "नाव लावू नका."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्हाला उद्या कळवते. त्या गेल्या आणि मी दार लावून परत आले ती भांडायच्या तयारीनेच. खोली मिळतेय, नाव लागतंय, त्यासाठी एवढं सगळं केलंत आणि आता नको कसलं? माझ्या बहिणीचं नाव कुठेतरी लागलं तर तुमचं काय जातं?

"तुझी बहीण या कपाटासमोर जन्मभर भीत राहिली," ते म्हणाले. "तूच सांगितलंस. आता ती गेल्यावर याच कपाटावर तिचं नाव लावायचं? आधी एक शिक्षा दिली, ही दुसरी होईल."

मी टेबलाशी बसले. रंगवलेली खेळणी एका बाजूला होती, कोंबडी सगळ्यांच्या पुढे. मी भिंग घेतलं आणि तो डोळा पुन्हा बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी रागात होते. या वेळी मी तो माझ्या धंद्याच्या नजरेने बघितला.

माझ्या दुकानात रोज झाकलेले डाग येतात. शाईच्या डागावर कुणी खडू घासलेला असतो, कुणी जळलेल्या जागेवर पिन लावलेली असते, कुणी घडीच अशी घातलेली असते की डाग आत जावा. घरच्यांना दिसू नये, साहेबांना दिसू नये, सासूला दिसू नये म्हणून. झाकणाऱ्याची घाई कापडावर दिसते. लांबून दिसलं नाही की त्याचं काम संपलं. त्या जागी कुणी नक्षी काढत बसत नाही.

"भावोजी, इकडे या," मी म्हटलं. "हा बघा छापलेला डोळा. नुसता ठिपका. दुसऱ्या बाजूला तिने काळा ठिपका दिला असता तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. एका मिनिटाचं काम होतं. तिने बुबुळ काढलं. त्यात रेघा काढल्या, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा. भीतीने माणूस डाग झाकतो. भीतीने कुणी डोळा काढत बसत नाही."

ते उभेच होते.

"ती भ्यायची, ते मी मागे घेत नाही," मी म्हटलं. "ब्रश हातात घेतला तो भीतीनेच. पण हे करताना ती भीत नव्हती. हे तिने मन लावून केलंय. दवाखान्यात माणसासाठी करायची, तसं या कोंबडीसाठी केलंय. तुमच्या कोंबडीसाठी."

भावोजींनी कोंबडी हातात घेतली. भिंग घेतलं नाही.

"तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," ते म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही बोलले आहे का?"

त्यांनी विचार केला. खरोखरच केला, आमच्या आईच्या काट्यापासून सगळी वर्षं त्यांनी तपासून बघितली असावीत.

"नाही," ते म्हणाले.

मग ते रडले. उभ्या उभ्याच, कोंबडी हातात धरून. मी पाणी आणायला उठले नाही, पुरे म्हटलं नाही. रडणं संपलं तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं, एक कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर ताईचं पूर्ण नाव लिहिलं. ते कार्ड माझ्याकडे देऊन म्हणाले, पाटीवर हे घालायला सांग, आणि माझं कुठेही घालू नका.